तालुक्याच्या गावातलं छोटं रुग्णालय तोट्यातून बाहेर कसं काढायचं

तालुक्याच्या गावातलं पंधरा ते पन्नास खाटांचं रुग्णालय, मग ते खाजगी असो वा ट्रस्टचं, रुग्ण नाहीत म्हणून क्वचितच बुडतं. ओपीडीत रांग असते, श्रावण-भाद्रपदात डेंग्यू-तापाचे रुग्ण व्हरांड्यात झोपवावे लागतात, आणि तरीही महिन्याच्या सात तारखेला पगाराची जुळवाजुळव सुरू असते. मग ओळखीतला कुणीतरी सल्ला देतो, ‘आणखी एक मशीन घ्या, आणखी एक योजना जोडा, पेशंट वाढतील.’ अडचणीतल्या रुग्णालयाला हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. वाढलेला प्रत्येक उधारीचा रुग्ण आज औषध, ऑक्सिजन आणि पगार खातो, आणि त्याचे पैसे चार महिन्यांनी येतात.

म्हणून सावरण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी रोकड दिसली पाहिजे, मग गळती थांबली पाहिजे, मग अडकलेले पैसे वसूल झाले पाहिजेत, त्यानंतर खर्चाला हात घालायचा. कर्जाचा आणि विस्ताराचा विचार सगळ्यात शेवटी.

लक्षणं कोणत्या क्रमाने दिसतात

ताळेबंद वर्षातून एकदा हातात येतो. तोवर रोग पसरलेला असतो. रोजच्या कामात मात्र लक्षणं बरीच आधी दिसतात आणि त्यांचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

पहिलं लक्षण मेडिकलच्या खरेदीत दिसतं. महिन्याची ऑर्डर आठवड्याची होते, मग रोजची. स्टॉकिस्ट, म्हणजे औषधांचा घाऊक विक्रेता, तीस दिवसांची उधारी बंद करून ‘आधीचं बिल भरा, मग माल’ म्हणू लागतो. रोजच्या खरेदीत स्कीम आणि सूट जाते, म्हणजे टंचाईमुळे औषध आणखी महाग पडतं.

दुसरं लक्षण म्हणजे सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओव्हरड्राफ्टचं खातं, ज्यातून ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवं तेव्हा पैसे उचलता येतात. हे खातं वर-खाली झालं पाहिजे. बारा महिन्यांच्या उताऱ्यात ते एकदाही मर्यादेच्या निम्म्यावर आलं नसेल, तर ते खेळतं भांडवल राहिलेलं नाही. त्यातून जुना तोटा पोसला जातोय.

तिसरं लक्षण व्हिजिटिंग डॉक्टरांच्या मानधनाचं. भूलतज्ज्ञाचे दोन महिन्यांचे पैसे थकले की तो दुसऱ्या रुग्णालयाच्या यादीला आधी ‘हो’ म्हणतो. तुमच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात आणि उत्पन्न तिथून घसरतं.

चौथं लक्षण सगळ्यात धोक्याचं आहे. कापलेला टीडीएस (पैसे देताना कापून सरकारला भरायचा प्राप्तिकर) आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) भरला जात नाही, कारण ते पैसे ‘तात्पुरते’ वापरता येतात. टीडीएस कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज लागतं आणि विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला पीएफ थकवणं हा तर फौजदारी गुन्हा ठरू शकतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात उशिरा भरलेल्या या रकमेची प्राप्तिकरातली वजावटही नाकारली. या थराला आलेल्या रुग्णालयाने पुढची पावलं त्याच आठवड्यात उचलावीत.

यानंतरची लक्षणं सगळ्यांना दिसतात: जनरेटर आणि मॉनिटरचे देखभाल करार संपलेले, डॉक्टरांच्या घरचं सोनं तारण, अनुभवी सिस्टर शेजारच्या गावी गेलेली.

कागदावर नफा, गल्ल्यात तूट

समजा, ३० खाटांचं रुग्णालय आहे. महिन्याला ९०० खाट-दिवस उपलब्ध, त्यातले ४०५ भरलेले, म्हणजे ४५ टक्के भरणा. महिन्याचं बिलिंग असं: आयपीडी (दाखल रुग्ण) आणि शस्त्रक्रिया साडेतेरा लाख, ओपीडी तीन लाख, मेडिकल साडेसहा लाख, लॅब आणि एक्स-रे दोन लाख. एकूण पंचवीस लाख. खर्च: पगार साडेसहा, व्हिजिटिंग डॉक्टर साडेचार, औषध-साहित्य सहा, वीज-डिझेल-ऑक्सिजन-जैववैद्यकीय कचरा दोन, दुरुस्ती-धुलाई-जेवण-किरकोळ दोन. एकूण एकवीस लाख. चार लाख शिल्लक, त्यातून बँकेचा हप्ता तीन लाख वीस हजार. ऐंशी हजार उरले. हिशेब बरा दिसतो.

आता पैसे आले किती ते पाहा. काउंटरवर साडेसोळा लाख जमा झाले. दीड लाख सवलत आणि उधारीत गेले. सात लाख सरकारी योजना आणि कॅशलेसचे, म्हणजे विमा कंपनीने थेट द्यायचे, आहेत. त्यात दहा टक्के कपात झाली तर सत्तर हजार गेले. उरलेल्या सहा लाख तीस हजारांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे त्रेसष्ट हजार आणखी अडकले. दीड लाख, सत्तर हजार आणि त्रेसष्ट हजार मिळून दोन लाख त्र्याऐंशी हजार. कागदावरचे ऐंशी हजार वजा केले तरी महिन्याला दोन लाखांची तूट. वर चार महिन्यांचे दावे थकलेले असतील तर अठ्ठावीस लाख कायमचे बाहेर. योजनेचं काम महिन्याला चार लाखांवरून सात लाखांवर नेलं, तर चार महिन्यांच्या विलंबामुळे बारा लाख रुपये नव्याने अडकले. ते कुठून आणायचे हे काम वाढवण्याआधी ठरलेलं नसतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

पहिला आठवडा: सगळं एका टेबलावर

डॉक्टर, हिशेबनीस आणि शक्य असेल तर सीए यांनी एकत्र बसून पाच याद्या करायच्या:

१. सर्व बँक खात्यांचे बारा महिन्यांचे उतारे. रुग्णालयाच्या खात्यातून गेलेला घरखर्च, शेतीचा खर्च, मुलांची फी वेगळ्या रंगाने खूण करून बाजूला काढा.
२. सर्व कर्जं: बँक, पतसंस्था, वित्तकंपनी, सोनं तारण, नातेवाईक, खाजगी. प्रत्येकाचा दर, हप्ता, तारण आणि जामीनदार. शेकडा तीनने घेतलेलं कर्ज वर्षाला छत्तीस टक्के पडतं, हे यादीत त्याच भाषेत लिहा.
३. देणी, वयानुसार: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, त्यापुढची.
४. येणी, तशीच वयानुसार, आणि प्रत्येक दाव्यापुढे तो नेमका कुठे अडला आहे ते.
५. सरकारी देणी: टीडीएस, पीएफ, व्यवसायकर, मालमत्ता कर, वीजबिल.

यावरून तेरा आठवड्यांचा रोकड-तक्ता बनवा. तेरा उभे स्तंभ, प्रत्येक आठवड्याची सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, शेवटची शिल्लक. नियम एकच: येणाऱ्या पैशांत फक्त काउंटरची सरासरी आणि मंजूर झालेले दावे धरायचे. ‘पुढच्या आठवड्यात येतील असं म्हणालेत’ हे शून्य समजायचं. दर शनिवारी तक्ता प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा आणि पुढे एक आठवडा जोडायचा.

तक्त्यात हंगाम आलाच पाहिजे. जुलै ते ऑक्टोबर ताप, उलट्या-जुलाब, सर्पदंश यांनी खाटा भरतात. फेब्रुवारी ते मे खाटा रिकाम्या असतात. सोयाबीनच्या पट्ट्यात लोकांच्या हातात पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, उसाच्या पट्ट्यात बिलं निघतील तसा. हर्निया, गर्भाशय, मूळव्याध अशा थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया लोक त्या हिशेबानेच करून घेतात. पावसाळ्यात जमलेली रोकड उन्हाळ्याच्या पगारासाठी बाजूला ठेवायची असते. ती ऑक्टोबरमध्ये नव्या मशीनच्या डाउन पेमेंटला गेली की एप्रिलमध्ये तूट ठरलेली.

रोकड कमी असेल तेव्हा कुणाला आधी द्यायचं? ऑक्सिजन आणि तातडीची औषधं, पगार, पीएफ व टीडीएस, मग बँकेचा हप्ता, भूलतज्ज्ञ आणि सर्जन, वीज, कचरा उचलणारी संस्था. त्यानंतर स्टॉकिस्टांची जुनी बाकी, तीही तारखा ठरवून थोडी थोडी. नातेवाइकांचे पैसे शेवटी. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी, ही पद्धत बंद करायची तर पैसे फक्त ठरलेल्या दिवशी, आठवड्यातून एकदाच द्यायचे.

गळती: उपचार झाले, बिल झालं नाही

सगळ्यात लवकर हाती येणारा पैसा इथे असतो. नुकत्याच डिस्चार्ज झालेल्या तीस रुग्णांच्या फायली घ्या: दहा मेडिसिनच्या, दहा शस्त्रक्रियेच्या, पाच बाळंतपणाच्या, पाच अपघाताच्या. प्रत्येक फाइलमधल्या डॉक्टरांच्या ऑर्डर, सिस्टरच्या नोंदी आणि मेडिकलचे इंडेंट (औषध मागवल्याच्या चिठ्ठ्या) अंतिम बिलाशी ओळीने जुळवा. हमखास सुटणाऱ्या गोष्टी अशा: रात्री काढलेला ईसीजी, नेब्युलायझेशन, ग्लुकोमीटरच्या तपासण्या, कॅज्युअल्टीतले टाके आणि ड्रेसिंग, ओटीतले धागे आणि मेश (हर्नियाला लावायची जाळी), दुसऱ्या डॉक्टरची व्हिजिट, वॉर्डच्या साठ्यातून वापरलेले आणि नंतर न मागवलेले इंजेक्शन. चूक सहसा रात्रपाळीची असते, कारण बिलिंगचा माणूस संध्याकाळी घरी जातो. उपाय साधा आहे. खाटेपाशी एक पानाचा रोजचा आकारणी-तक्ता लावायचा, सिस्टरने पाळी सोडताना खुणा करायच्या आणि सकाळी दहाच्या आत त्या बिलात चढवायच्या.

ऑक्सिजनची वेगळी तपासणी करा. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने तो सुमारे ५८ तास पुरतो, पाच लिटरने २३ तास. समजा, महिन्याला ४० जंबो संपले, म्हणजे २ लाख ८० हजार लिटर. बिलात ४५० तास लागले आहेत आणि सरासरी प्रवाह चार लिटरचा, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर. उरलेले १ लाख ७२ हजार लिटर कुठे गेले? एक तर बिलात तास कमी लागले, नाहीतर मॅनिफोल्ड (सिलिंडर जोडायची मुख्य नळी), पाइपलाइनचे जोड आणि फ्लोमीटर गळताहेत. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायला एक दुपार लागते. निम्मे भरलेले सिलिंडर ‘संपले’ म्हणून परत जातात का, हेही पाहा. बदलताना गेजचा आकडा वहीत लिहायला लावला की हे थांबतं.

मेडिकलमध्ये तीन गोष्टी पाहा: प्रत्यक्ष साठा आणि संगणकातला साठा यांतला फरक, पुढच्या सहा महिन्यांत मुदत संपणारा माल, आणि साठ दिवसांत न हललेला माल. मुदत जवळ आलेला माल परत घेण्याच्या अटी प्रत्येक स्टॉकिस्टच्या वेगळ्या असतात. त्या लेखी घ्या आणि तारीख उलटण्याआधी माल परत करा. साठा वीस ते पंचवीस दिवसांपेक्षा जास्त ठेवायची छोट्या रुग्णालयाला गरज नसते. अपवाद सर्पदंशाच्या प्रतिविषासारख्या तातडीच्या औषधांचा. तिथे काटकसर करायची नाही.

वसुली: दाखल होतानाच सुरुवात

डिस्चार्जच्या दिवशी पहिल्यांदा आकडा ऐकणारा नातेवाईक भांडणारच. दाखल होताना अंदाजपत्रक लेखी द्या, पैसे कोण भरणार ते विचारा, रुग्णाकडे योजनेचं कार्ड किंवा विमा आहे का ते तेव्हाच तपासा. अनामत घ्या. अर्थात तातडीच्या रुग्णावरचा प्राथमिक उपचार अनामतीसाठी थांबवता येत नाही. रोज संध्याकाळी चालू बिलाचा आकडा नातेवाइकाच्या हातात द्या आणि अनामत संपत आली की त्याच दिवशी सांगा. एका माणसाकडून एकाच उपचारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे मोठं बिल यूपीआयने किंवा बँकेमार्फतच घ्या.

बिल थकलं म्हणून रुग्ण किंवा पार्थिव अडवून ठेवायचं नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे. तुमचं संरक्षण आधीच्या संवादात आहे. दारावरच्या वॉचमनमध्ये नाही.

सवलत आणि उधारी या दोन वेगळ्या वह्या ठेवा. सवलत देण्याचा अधिकार एकाच माणसाला, कारण आणि सही घेऊन. सरपंचाचा फोन आला म्हणून काउंटरवरच्या मुलाने दोन हजार सोडले, असं होता कामा नये. गरिबाला सोडायचे असतील तर मोकळेपणाने सोडा, पण ते सवलतीच्या वहीत दिसू द्या. मग वर्षाला आपण किती दिलं ते कळतं. उधारी दिली तर तारीख, हमीदार आणि मोबाइल नंबर घ्या, आणि आठव्या दिवशी पहिला फोन करा. सहा महिन्यांनी केलेल्या फोनला उत्तर मिळत नाही. साखर कारखाना, सूतगिरणी, बाजार समिती यांच्याशी कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा करार असेल तर त्यात पैसे देण्याची मुदत आणि थकबाकीची कमाल मर्यादा घाला. मर्यादा ओलांडली की नवी थांबू शकणारी शस्त्रक्रिया रोखीवर.

ट्रस्टच्या रुग्णालयांसाठी एक इशारा. धर्मादाय योजनेनुसार बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात जाते, आणि दहा टक्के खाटा निर्धन तर दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्या खात्यातली शिल्लक पगाराला वापरायची नसते. रोकड-तक्त्यात ती धरूच नका.

योजना आणि विम्याचे दावे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांच्या मर्यादेपर्यंत लागू झाली. ग्रामीण रुग्णालयाच्या बिलांत तिचा वाटा त्यामुळे वाढला. दर परवडतात का हा वाद खरा आहे, पण बऱ्याच ठिकाणी दरापेक्षा जास्त नुकसान नाकारलेल्या आणि प्रश्न काढून परत आलेल्या दाव्यांचं होतं. ते बरंचसं आपल्या हातातलं असतं.

मागच्या सहा महिन्यांतले नाकारलेले आणि कपात झालेले सगळे दावे काढा आणि कारणानुसार मोजा. बहुतेक वेळा चार-पाच कारणांत सगळं संपतं: पूर्वमंजुरीआधी शस्त्रक्रिया उरकली, केस पेपरवर वेळ आणि सही नाही, निदान आणि तपासण्या जुळत नाहीत, ठरलेला फोटो किंवा हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल जोडला नाही, विचारलेल्या प्रश्नाला मुदतीत उत्तर गेलं नाही. एक माणूस फक्त या कामाला ठेवा. रोज सकाळी पोर्टल उघडून आलेले प्रश्न त्याच दिवशी संपवणं आणि डिस्चार्जनंतर ४८ तासांत दावा पाठवणं एवढंच त्याचं काम. डॉक्टरांनी नोंदी पूर्ण केल्याशिवाय फाइल वॉर्डबाहेर जाणार नाही, हा नियम मोठ्या सर्जनलाही लागू. हाच सगळ्यात अवघड भाग आहे.

मग पॅकेजचा, म्हणजे योजनेने एकरकमी दर ठरवलेल्या उपचाराचा, खर्च काढा. तुम्ही सर्वाधिक करता त्या दहा पॅकेजांपुढे औषध-साहित्य, इम्प्लांट, भूल, सर्जन, खाट-दिवस, रुग्णाचं जेवण आणि परतीचं भाडं लिहा. एखादं पॅकेज प्रत्यक्ष खर्चही भरून काढत नसेल, तर त्यासाठी मिळणारं मनुष्यबळ आणि साहित्याचे दर बदलतात का ते पाहा, नाहीतर त्या विशेषज्ञ-शाखेची नोंदणी पुढच्या करारात ठेवू नका. योजनेच्या रुग्णाकडून वरून पैसे घेणं हा उपाय नाही. एका तक्रारीवर दंड होतो, रुग्णालय यादीतून जातं आणि आधीचे दावेही लटकतात.

विम्याच्या कॅशलेसमध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. त्यामुळे विनंती कधी पाठवली याची वेळ नोंदवून ठेवा. विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे डिस्चार्जच्या वेळी रुग्णाकडून घेतले नाहीत तर ते बुडाले. दरकरार संपून दोन-तीन वर्षं झाली तरी जुन्याच दराने काम चालू असतं, तेही तपासा.

टीडीएसचा मुद्दा शेवटी, पण रक्कम मोठी. नफाच नसेल तर दहा टक्के कापलेली रक्कम परतावा येईपर्यंत अडकून पडते. कमी दराने कपात व्हावी असा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच मागता येतो. सीएला एप्रिलमध्ये आठवण करा.

आणि एक साखळी विसरू नका. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र, जे परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैत असं वर्षातून दोनदा घ्यावं लागतं, ते चुकलं की शुश्रूषागृह नोंदणीचं नूतनीकरण अडतं. नोंदणी अडली की योजनेची संलग्नता थांबते. संलग्नता थांबली की दावे थांबतात. काही हजार वाचवायला गेलेल्याचे लाखो अडकतात.

खर्च: कुठे कापायचं, कुठे नाही

वर धरलेल्या उदाहरणात पगार, हप्ते आणि इतर न हलणारे खर्च मिळून तेरा लाख धरा. ४०५ खाट-दिवसांवर ते दिवसाला ३,२१० रुपये पडतात. भरणा ६५ टक्के झाला, म्हणजे ५८५ खाट-दिवस, तर २,२२२. भरणा वाढला पाहिजे हे खरंच, पण तो पैसे देणाऱ्या रुग्णांनी.

रात्रपाळीची सिस्टर कमी करणं ही पहिली आणि सगळ्यात वाईट कपात. बिलांतली गळती रात्री होते, अपघाताची केस रात्री येते, आणि सिस्टर नसेल तर ती पुढच्या गावाला जाते. त्याऐवजी कामाच्या जागा मोजा. चोवीस तासांच्या एका जागेला आठवड्यात २१ पाळ्या लागतात. एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं, रजा धरून चार. चार खाटांच्या आयसीयूत प्रत्येक पाळीला दोन सिस्टर हव्यात तर आठ पगार. त्या आयसीयूत सरासरी एकच रुग्ण असेल तर ते आयसीयू प्रतिष्ठेसाठी चाललंय. दोन खाटांचं हाय डिपेंडन्सी युनिट (आयसीयूपेक्षा एक पायरी खालचा कक्ष) करून नर्सिंग स्टेशनलगत हलवलं तर चार पगार वाचतात आणि गंभीर रुग्ण जिल्ह्याला वेळेत जातो.

वीजबिलावरची वर्गवारी वाचा. महावितरणच्या दरपत्रकात खाजगी रुग्णालयं ‘सार्वजनिक सेवा – इतर’ या वर्गात येतात. इमारत आधी दुकान किंवा लॉज असेल तर बिल व्यापारी दराने येत राहतं. नोंदणी प्रमाणपत्र जोडून वर्ग बदलाचा अर्ज करा. मंजूर भार आणि पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या विजेतली किती कामी येते त्याचं माप) तपासा. जुन्या एसी आणि लिफ्टमुळे बिघडलेला पॉवर फॅक्टर कपॅसिटर पॅनेलने सुधारतो. जैववैद्यकीय कचऱ्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत खाटांवर असतं. ३० नोंदवून १८ च चालवत असाल तर नोंदणी घटवायची की नाही हे योजनेच्या किमान खाटांच्या अटीशी ताडून ठरवा.

मशीनचा निर्णय हप्त्यावरून करा. पंधरा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३२,६०० रुपये. त्यात देखभाल, तंत्रज्ञ, वीज धरा. प्रत्येक तपासणीतून साहित्य वजा जाता किती उरतं त्याने भागा. येणारा आकडा आजच्या तुमच्या प्रत्यक्ष केसेसपेक्षा मोठा असेल तर मशीन शेजारच्या रुग्णालयाबरोबर सामायिक वापरा किंवा केस बाहेर पाठवा. कंपनीचा माणूस दाखवतो तो आकडा तालुक्यातल्या सगळ्या रुग्णांचा असतो.

कट प्रॅक्टिसबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. रुग्ण पाठवणाऱ्याला टक्का देणं वैद्यकीय आचारसंहितेविरुद्ध आहे, प्राप्तिकरात त्याची वजावट मिळत नाही, आणि अडचणीतल्या रुग्णालयात तो रोखीने, आधी आणि न चुकता जातो. पगार थांबतो, टक्का थांबत नाही. तो बंद केल्यावर पहिले काही महिने रुग्ण घटतात. म्हणून हे पाऊल पावसाळ्याच्या तोंडावर उचला, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच्या रुग्णाचा डिस्चार्ज कागद त्याच दिवशी पाठवायला लागा. फॉलो-अपचा रुग्ण त्याच्याकडे परत जाऊ द्या. चांगले जनरल प्रॅक्टिशनर यानेही टिकतात.

बँकेकडे कधी आणि काय घेऊन जायचं

हप्ता एक दिवस जरी चुकला तरी खात्यावर खूण लागते. ३० दिवसांपर्यंत पहिला टप्पा, ३१ ते ६० दुसरा, ६१ ते ९० तिसरा. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए (थकीत कर्ज), आणि मग बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. बोलणी पहिल्या टप्प्यातच करायची. त्या वेळी शाखा व्यवस्थापकाला पर्याय असतात, नंतर त्याचेही हात बांधले जातात.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) नसेल तर आधी करा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट आणली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जाला ती लागू आहे आणि अडचण दिसू लागल्यावर कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो. ही चौकट व्यापारी बँकांसाठी आहे. पतसंस्थेच्या कर्जाला तसा आधार नसतो, तिथे सगळं संचालक मंडळाशी बोलून होतं. म्हणून पतसंस्थेचं महागडं कर्ज आधी फेडायचं नियोजन ठेवा.

जाताना तेरा आठवड्यांचा तक्ता, वयानुसार दाव्यांची यादी, गळती-तपासणीत सापडलेली रक्कम आणि ती थांबवल्याचा दोन महिन्यांचा पुरावा घेऊन जा. मागणी नेमकी करा: मुदत इतक्या महिन्यांनी वाढवा, सीसीतला जुना अडकलेला भाग मुदत कर्जात बदला, उन्हाळ्यात हप्ता कमी आणि पावसाळ्यात जास्त ठेवा. ‘काहीतरी बघा साहेब’ याला कुठलीही बँक उत्तर देत नाही. राहतं घर नव्याने तारण देण्याआधी मात्र थांबा. वरची पावलं उचलूनही महिन्याची तूट भरून निघत नसेल, तर नवं कर्ज फक्त तारीख पुढे ढकलतं.

आणि सावरलंच नाही तर

सहा महिने तक्ता पाळून, गळती थांबवून, वसुली करूनही रोकड उणेच असेल, तर रुग्णालय भाड्याने देणं, दोन डॉक्टरांनी एकत्र चालवणं किंवा फक्त डे-केअर आणि ओपीडी ठेवणं हे पर्याय खुले असतात. एनपीए होण्याआधी ठरवलं तर अटी तुमच्या असतात. मालक बदलला की शुश्रूषागृहाची नोंदणी आपोआप नव्या माणसाकडे जात नाही, त्याने स्वतःची घ्यावी लागते. मेडिकलचा परवाना आणि एक्स-रेची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंदही तशीच. रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षं जपायच्या आणि न्यायालयीन प्रकरणातल्या त्याहून जास्त. सोनोग्राफी मशीन फक्त गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रालाच विकता येतं, आणि समुचित प्राधिकाऱ्याला लेखी कळवून त्याची पोच घेतल्याशिवाय ते जागेवरून हलवायचं नाही.